पुस्तकातलं समन्स

धर्माजी गमरेच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि हरी राऊत काही केल्या सापडत नव्हता.

धर्माजी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होता. कोर्टाने काढलेलं समन्स गावात नेऊन ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घ्यायची आणि ती सहीची प्रत तारखेच्या आदल्या दिवशी नाझरसाहेबांकडे, म्हणजे सगळ्या बेलिफांच्या वरिष्ठांकडे, जमा करायची. चौतीस वर्षं तो हेच करत आला होता. किनाऱ्यावरच्या गावांतली कुत्री त्याला ओळखत आणि ओळखूनसुद्धा भुंकत. चांगली बातमी घेऊन तो कुणाच्या दारात कधी गेला नव्हता. आता गुडघे बोलायला लागले होते, आणि एसटीची पायरी चढताना तो एक हात गजाला आणि दुसरा स्वतःच्या मांडीला लावायचा.

हरी राऊतवरचा दावा त्याच्या सख्ख्या बहिणीने, आवडाबाई चौलकरने, लावला होता. वडिलांच्या सुपारीच्या वाडीत आपलाही हिस्सा आहे, तो मरायच्या आत सातबाऱ्यावर लागावा, एवढंच तिचं म्हणणं. दावा लावून चार वर्षं झाली, पण हरीने समन्सच घेतलं नाही, त्यामुळे दावा जिथल्या तिथे. टपालाने पाठवलं ते परत आलं. घरात माणूस नसेल तर दोन पंचांच्या सह्या घेऊन समन्स दारावर चिकटवता येतं, पण हरीच्या दारावर कागद लावायला गावातला एकही माणूस पंच म्हणून उभा राहीना. उद्या त्याच्याच पाटाचं पाणी आपल्या वाडीत यायचंय, हा प्रत्येकाचा हिशेब.

प्रत्येक तारखेला आवडाबाई पहिल्या बसने कोर्टात यायची, व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि धर्माजी दिसला की विचारायची, "घेतला का रं माझ्या भावानं कागद?"

"नाही, आवडाबाई."

"बरं," म्हणायची, आणि पिशवीतून भाकरी काढायची. ती चिडली असती तर धर्माजीला बरं वाटलं असतं.

मागच्या तारखेला न्यायाधीशांनी सांगून ठेवलं होतं की या वेळी बजावणी झाली नाही तर वादीला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. नवा अर्ज, पेपरात जाहिरात, नवी तारीख. तेवढं वय आता आवडाबाईकडे नव्हतं. तारीख गुरुवारची होती.

याच दिवसांत धर्माजीला ते पुस्तक मिळालं. सार्वजनिक वाचनालयातल्या कल्पिताने आपण होऊन ते काढून दिलं होतं. वरचं पान गेलेलं, बाईंडिंगवाल्याने खाकी कापड लावून पाठीवर नुसता नंबर टाकलेला, २१४७.

"न्या काका. तुमच्याच लायनीतला माणूस आहे."

"बेलिफ?"

"तसाच. पण तुमच्याहून वाईट."

पुस्तक कुठल्याशा परदेशी रहस्यकथेचं मराठी भाषांतर होतं. त्या देशात म्हणे जामिनावर सुटलेला आरोपी पळाला की त्याला पकडून आणणाऱ्याला बक्षीस मिळतं, आणि हे काम खासगी माणसं करतात. कथेतला हेक्टर हा असाच एक. आधी पियानो विकायचा, दुकान बुडालं म्हणून या धंद्यात आला. अंगाने जाडा, पळताना धाप लागते, बेड्या घालायला जातो तर स्वतःचाच हात फ्रिजच्या दांडीला अडकवून घेतो. एका क्लबातला चांदीचा चषक चोरीला गेलाय, त्या चोरीतला आरोपी दातांचा डॉक्टर पळालाय आणि हेक्टर त्याच्या मागावर आहे. चषक खरा कुणी चोरला, हे रहस्य.

पहिली दहा पानं धर्माजीने भुवया आक्रसून वाचली. अकराव्या पानावर हेक्टर एका घराची बेल दाबतो आणि दार उघडणारा माणूस, जो खुद्द फरार आरोपी आहे, त्याला सांगतो, "तो बाहेर गेलाय, तुम्ही बसा, चहा घ्या." हेक्टर बसतो. चहा घेतो. वर त्याचे आभार मानून परत येतो. धर्माजी बसमध्ये फस्सकन हसला. पुढच्या सीटवरच्या कोळणीने टोपली सावरत मागे वळून पाहिलं.

हा चहा तो स्वतः प्यायला होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, रेवसच्या बाजूला एका घरात, दोन खारी बिस्किटांसकट. ती गोष्ट त्याने ना नाझरला सांगितली होती, ना बायकोला. आणि आता कुणीतरी साता समुद्रापलीकडून ती छापून काढली होती. त्यानंतर तो रोज दहा-पंधरा पानांपेक्षा जास्त वाचत नसे. संपायला नको म्हणून.

सोमवारी धर्माजी हरीच्या गावी गेला. नववी खेप. बस फाट्यावर सोडून गेली, तिथून सुपारीच्या वाड्यांमधल्या गारव्यातून पाऊण किलोमीटर चालणं. एका बाजूला मुंबईवाल्याच्या बंगल्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला राऊतांची वाडी. धर्माजीची आई याच वाडीत सुपारी सोलायला यायची आणि पाणी बाहेर पाटाच्या काठावर बसून प्यायची. ते तो विसरला नव्हता, पण दर खेपेला आठवायचीही ताकद आता नव्हती.

समोरच्या घरातला मोरू ओटीवर जाळं दुरुस्त करत होता. धर्माजीने तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "हरीभाव न्हाय. मुंबईला गेलाय. सकाळच्या मांडव्याच्या बोटीनं."

"सकाळच्या?"

"व्हय. आठच्या."

धर्माजीने हरीच्या ओटीकडे पाहिलं. पायरीजवळ रबरी चपलांचा जोड होता, ओला. चिखल अजून वाळला नव्हता. ओल्या पावलांचे ठसे शेणाने सारवलेल्या जमिनीवरून थेट आत गेले होते.

"मोरूशेठ, बोटीने गेलेला माणूस वाडीला पाणी लावून घरात कसा काय शिरतो?"

मोरूने सुई जाळ्यात खुपसली. "मला काय इचारता? मी हितं बसलोय व्हय दुर्बीण लावून?"

"पंच म्हणून सही करता?"

"छ्या! माझे डोळे आलेत," मोरू म्हणाला आणि जाळं उचलून आत गेला.

परतीची बस दोन तासांनी होती. धर्माजी हरीच्या ओटीसमोरच्या दगडावर बसला. दार ठोठावलं, हाका मारल्या, त्या रिवाजाप्रमाणे तीन वेळा मारल्या, आणि मग थकून पिशवीतून पुस्तक काढलं. आजच्या वाट्याची पानं बाकी होती.

हेक्टरला शेवटी दातांच्या डॉक्टरचा नवा दवाखाना सापडतो. तो पेशंट बनून आत जातो. डॉक्टर त्याला ओळखतो, पण काही बोलत नाही. खुर्चीत बसवतो, तोंड उघडायला सांगतो, सुई टोचतो. हेक्टर बधिर जिभेने "तुला अटक करण्यात येत आहे" असं म्हणायचा प्रयत्न करतो आणि डॉक्टर नर्सला म्हणतो, "यांना फार दुखतंय, दोन दाढा काढू." दाढा काढून, कापूस भरून, फीसुद्धा घेऊन डॉक्टर मागच्या दाराने पसार होतो.

धर्माजी हसायला लागला. आवाज न करता हसायचा त्याने प्रयत्न केला, तर पोट दुखायला लागलं. मग तो सरळ मोठ्याने हसला. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा पान पाहिलं, पुन्हा हसला.

आतल्या खिडकीचं एक फळकूट उघडलं. "ओ बेलिफ! कोण मेलाय म्हणून हसताय?"

धर्माजीने मान वर केली. हरी राऊतचा चेहरा त्याने चार वर्षांत पहिल्यांदा पाहिला. सत्तरीचा, गालांची खोबण झालेला माणूस.

"कुणी मेला नाही, हरीभाऊ. दाढ काढलीय."

"तुमची?"

"पुस्तकातल्याची. माझ्यासारखाच आहे एक. माणूस पकडायला गेला आणि दाढा देऊन आला."

हरीने फळकूट आणखी थोडं उघडलं. मग म्हणाला, "वाचा बरं."

धर्माजीने वाचलं. खिडकीतून आधी नाकातून हसल्याचा आवाज आला, मग खोकला, मग पुन्हा हसू. पुढच्या प्रकरणाला दाराची कडी निघाली आणि हरी ओटीवर येऊन बसला. स्टीलच्या तांब्यातून पाणी आणून त्याने धर्माजीच्या हातात दिलं. हेक्टर एकाच दाढेने पाव चावायला बघतो तिथे हरी मांडीवर थाप मारून म्हणाला, "अगदी माझी गत! माझ्या तर तेवढीपण न्हाय!" आणि तोंड उघडून दाखवलं.

बसची वेळ होत आली तसं धर्माजीने पुस्तक मिटलं. हसत्या माणसापुढे आता कागद धरायचा, हे त्याला जड गेलं. पण आवडाबाईचं "बरं" त्याच्या कानात होतं.

"हरीभाऊ, कागद आहे."

"हाय ना. म्हाईत हाय मला." हरीचा चेहरा उतरला, पण तो उठून आत गेला नाही. "आणा. कुठं करू सही? चष्मा मोडलाय माझा, बोट ठेवा तिथं."

धर्माजीने बोट ठेवलं तिथे हरीने सही केली. एक प्रत त्याने न वाचताच घडी करून खिडकीच्या फटीत खोचली. दुसरी धर्माजीकडे आली. पिशवीत डब्यातलं कालवण सांडलेलं होतं, म्हणून त्याने सहीची प्रत खराब होऊ नये अशी, पुस्तकात वाचलेल्या पानाशी सपाट ठेवली. कोर्टातले सगळेच बेलिफ कागद असे वहीत, डायरीत, मिळेल त्या पुस्तकात दाबून नेतात. त्यात नवं काही नव्हतं.

मंगळवारी धर्माजी दुसऱ्या टोकाच्या गावांना गेला. दिवसभराच्या चालण्याने घरी येऊन तो जो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. वाचायलाही नाही.

बुधवारी साडेदहाला नाझर म्हणाले, "गमरे, राऊतचं झालं म्हणे? शाबास. द्या प्रत."

धर्माजीने पिशवी पाहिली. डायरी पाहिली. मग बायकोला फोन लावला.

"ते खाकी पुस्तक? काल दिलं परत," सरोजिनी म्हणाली. "कल्पिताचा फोन आला होता ना, मुदत संपली म्हणून. मी बाजारात चाललेच होते. तुम्ही रोज गुडघे धरून बसता, म्हटलं एक खेप वाचवावी."

"त्यात कागद होता गं."

"कसला?"

त्याने फोन ठेवला. तिची चूक नव्हती. त्याने कल्पिताला फोन केला.

"काका, ते पुस्तक तर गेलं," ती म्हणाली. "काल साडेपाचला एक आजोबा आले. आपले जुने सभासद आहेत, पण कितीतरी वर्षांनी आले. म्हणाले, गमरे बेलिफ वाचतायत ते द्या. मी उघडून पाहिलंच नाही. राऊत नाव."

धर्माजी नाझरच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसला. सही झाली म्हणताच हरीला बाजारात यायची मोकळीक मिळाली होती, आणि त्या मोकळ्या पायांनी तो पहिल्यांदा गेला तो वाचनालयात. ज्या सहीसाठी चार वर्षं घालवली, ती आता सही करणाऱ्याच्याच हातात. काडी लावली की संपलं. 'मी काही घेतलंच नाही' म्हणायला तो मोकळा. आणि प्रत हरवली म्हणून आठ महिन्यांवर आलेल्या निवृत्तीत चौकशी मागे लागणार, ती वेगळीच.

"काय झालं, गमरे?" नाझरांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत देतो, साहेब."

"चारच्या आत द्या. उद्याच्या दाव्यांचा बोर्ड लावायचाय."

बाराच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, तरी त्याला डुलकी लागली नाही. हेक्टरने अशा वेळी काय केलं असतं, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्याने पुस्तक असलेल्या घराच्या खिडकीतून आत शिरायचा प्रयत्न केला असता आणि कमरेत अडकला असता. धर्माजीला हसू आलं नाही.

हरीचं दार बंद होतं. मोरू ओटीवर होता. या वेळी तो मुंबई म्हणाला नाही, बोट म्हणाला नाही. नुसतं हनुवटीने दाराकडे दाखवलं.

"हरीभाऊ!"

धर्माजीने दुसरी हाक मारली. तिसरी मारायची ताकद गोळा करत तो पायरीवर टेकला. तेवढ्यात दार उघडलं. हरीच्या नाकावर एका काडीचा चष्मा होता आणि हातात खाकी पुस्तक.

"या. बसा आत. उन्हाचं कशाला बाहेर?"

धर्माजी आत बसला. "माझं एक..." एवढंच तो म्हणाला.

"हाय," हरी म्हणाला. "पानात व्हता. मी पुढं सरकवत आणला, खूण म्हणून. आता एकशे चाळीसावर हाय."

"तुम्ही वाचलात तो?"

"पुस्तक?"

"कागद."

हरीने पुस्तक मांडीवर ठेवलं. "सकाळी विनेशचा फोन आला व्हता. माझा मुलगा, पनवेलला असतो. मी येड्यासारखा सांगून बसलो की कोर्टाचा सहीचा कागद माझ्याकडंच आलाय. तो म्हणाला, बाबा, फाडा आधी, नशीब समजा. दहा वर्षं खेचू. म्हणून मी काढला. चार वर्षं त्या कागदापासून पळतोय, म्हटलं फाडायच्या आधी हाय तरी काय त्यात ते बघावं." त्याने पुस्तकातून समन्स काढलं आणि डोळ्यांजवळ धरलं. "वादी, आवडाबाई दामोदर चौलकर. वय बहात्तर. हे चार वर्षांमागचं ना?"

"हो. दावा लावला तेव्हाचं."

"म्हंजे आता शहात्तर." त्याने कागद खाली घेतला. "माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शाळेत सोडायला तीच यायची मला, पाठीवर घेऊन, त्या पाटातनं. मला वाटत व्हतं पासष्टची असेल अजून. माणूस दिसला न्हाय की आपण त्याला जिथं सोडला तिथंच धरून बसतो."

"किती वर्षं झाली तुम्हाला भेटून?"

"अकरा. नऊ किलोमीटरवर ऱ्हाते." हरीने कागद धर्माजीपुढे धरला. "घ्या. न्या. विनेशला मी सांगंन काय ते. मला पण कट्टाळा आलाय, बेलिफ. कुणी दारात आलं की न्हाणीघरात जाऊन उभं ऱ्हायचं. या वयात. तुम्ही त्या दिवशी हसत व्हता ना, तेव्हा मी न्हाणीघरातच व्हतो. एक पाय पाण्यात."

धर्माजीने कागद घेतला. या वेळी त्याने तो शर्टाच्या आत, गंजीफ्रॉकला लावून ठेवला.

"चोर कोण ते सांगू?" हरीने विचारलं. "मी वळकलाय."

"नको हो."

"क्लबाचा सेक्रेटरी. बघा तुम्ही."

"हरीभाऊ, नको म्हटलं ना!"

"बरं, बरं," हरी म्हणाला, आणि धर्माजीला दचकायला झालं, कारण ते 'बरं' अगदी आवडाबाईचं होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना प्रत नाझरच्या टेबलावर पडली. तिच्यावर घामाचा एक डाग होता. नाझरांनी तो पाहिला आणि शिक्का मारला.

गुरुवारी आवडाबाई पहिल्या बसने आली. बाकावर बसली. धर्माजी दिसताच तिने नेहमीचं विचारलं.

"घेतला," धर्माजी म्हणाला.

तिला ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. तो पुन्हा म्हणाला, "सही केली, आवडाबाई. घेतला त्यांनी."

तिने भाकरीची पिशवी उघडली नाही. बराच वेळ समोरच्या भिंतीवरच्या नोटिसा बघत राहिली. मग म्हणाली, "कसा दिसतो?"

"थकलेत."

"व्हय ना. थकलाच असेल."

अकराच्या सुमाराला शिपायाने नाव पुकारलं. "हरी दाजी राऊत!" चार वर्षं या पुकाऱ्याला व्हरांड्यातून कधी उत्तर आलं नव्हतं, म्हणून शिपाई लगेच पुढचं नाव घ्यायला लागला. तेवढ्यात जिन्याच्या बाजूने कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "हाय, हाय! आलो! बस उशिरा आली."

कोर्टात सगळं मिळून चार मिनिटं लागली. हरी हजर, अशी नोंद झाली. वकील लावायला त्याने मुदत मागितली. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची पडली. आवडाबाईच्या वकिलाने ती तिला दोनदा सांगितली.

बाहेर आल्यावर दोघं बाकाच्या दोन टोकांना उभी राहिली. कोणीच बसेना. धर्माजी दारातून बघत होता आणि आपण बघू नये असं त्याला वाटत होतं. शेवटी आवडाबाई पायऱ्या उतरायला निघाली. तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा अडला. हरी खाली आला. त्याने तिचा हात धरला नाही. तिच्या खांद्यावरची भाकरीची पिशवी घेतली, स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि तिच्या एक पायरी पुढे, तिला टेकता येईल इतपत अंतर ठेवून, हळूहळू उतरायला लागला. दोन पायऱ्या ती तशीच उतरली. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गमरे," आतून नाझरांचा आवाज आला, "पुढच्या आठवड्याची आलीत. अकरा आहेत. पाच किनाऱ्याची."

धर्माजी आत गेला. समन्सं त्याने गावांप्रमाणे लावून घेतली. एकाच बाजूच्या दोन गावांची एकत्र केली, म्हणजे एक बस वाचेल. वरच्यावर एका बाईचं नाव होतं, पत्ता मांडव्याजवळचा, आणि आधीच्या बेलिफाने पेन्सिलने लिहिलं होतं, 'घरी नसते.' त्याने चष्मा कपाळावर चढवला, डोळे चोळले आणि उद्याची सकाळची बस किती वाजता आहे ते नाझरांना विचारलं.